डाव्या हाताची राखण

सकाळी जाग आली की आधी तळहात पाहायचे, ही आईने लावलेली सवय. अलीकडे त्याच्याही आधी उजव्या हाताची तीन बोटं डाव्या कोपराच्या खोबणीत जातात. डोळे मिटलेलेच असतात. बोटांखाली थरथर लागते. बारीक, अखंड, माझ्या झोपेशी काही देणंघेणं नसलेली. ती लागली की मग तळहात, मग देव, मग चहा. चहा अर्धा कप, कारण दिवसभराचं पाणी मापाचं. बाहेर पहाटेच्या लोकलचा भोंगा होऊन गेलेला असतो आणि माहुलीचे सुळके अजून धुक्यात असतात. आसनगाव जागं व्हायच्या आत माझी दिवसातली सगळ्यात महत्त्वाची तपासणी उरकलेली असते.

झोपायचं ते उजव्या कुशीवर. डाव्या कुशीवर झोपले तर हात अंगाखाली दबतो, आणि दबलेल्या हातातलं रक्त गोठायला एक रात्र पुरते. तरी कधीकधी मी तो हात मुद्दाम उशीवर घेते, कानाशी. मग थरथरीचा आवाज होतो. घूंऽ घूंऽ करत दर ठोक्याला चढणारा आणि मध्ये पुरता कधीच न विरणारा. सुरुवातीला त्या आवाजाने झोप लागत नसे. आता तो ऐकू आला नाही तर मी उठून बसते.

किडन्यांनी काम सोडलं की रक्त डायलिसिसच्या यंत्राकडे न्यावं लागतं आणि धुऊन परत आणावं लागतं. यंत्र मिनिटाला २५०-३०० मिलिलिटर रक्त मागतं, आणि तेही चार तास. हातावर निळसर दिसणारी साधी शीर एवढं देऊ शकत नाही. ओढलं की तिच्या भिंती एकमेकींना चिकटतात. धमनी देऊ शकते, पण ती खोल असते, आणि आठवड्यातून दोन-तीनदा जाड सुया खुपसून घेणं तिला झेपणारं नाही. म्हणून सर्जन या दोघींची गाठ घालून देतात. आवणीच्या दिवसांत वरच्या खाचरात पाणी तुंबलं की कुदळीने बांधाला तोंड पाडतात आणि पाणी खालच्या खाचरात धावत सुटतं, तसं. धमनीतलं जोरकस रक्त शिरेत शिरतं. सहा-आठ आठवड्यांत शीर फुगते, तिची भिंत जाड होते आणि मग ती १६ नंबरच्या सुया सोसू लागते. याला म्हणायचं फिस्टुला. माझ्या बोटांना लागते ती थरथर त्या धावणाऱ्या रक्ताची.

माझा पहिला फिस्टुला मनगटावर केला होता. तो तयारच झाला नाही. सर्जनने हात उलटसुलट करून पाहिला, पट्टा आवळला, शिरेवर टिचकी मारली आणि विचारलं, "बाई, या हाताला आजवर सलाईन किती लागली असतील?" काय सांगणार! आमच्या शहापूर-मुरबाडकडे सलाईन लावली नाही तर डॉक्टरने काही केलं असं कुणाला वाटतच नाही. आवणी उरकून कंबर धरली, लावा सलाईन. कावीळ झाली, लावा सलाईन. लग्नघरात तीन रात्री जागरण झालं, लावा सलाईन. दवाखान्याच्या आतल्या खोलीत दोन खाटा, भिंतीला खिळा, खिळ्याला बाटली, आणि खाटेच्या कडेला बसून बाटलीतले थेंब मोजणारी सासू. डॉक्टर नको म्हणाला तर माणसं पलीकडच्या डॉक्टरकडे जातात, त्यामुळे तोही बिचारा फार वेळा नको म्हणत नाही. सुई कुठे टोचायची? जिथे शीर पटकन दिसते तिथे, म्हणजे मनगटाच्या जरा वर, अंगठ्याच्या बाजूला. फिस्टुलासाठी नेमकी तीच शीर हवी असते. टोचून टोचून ती आतून कडक आणि अरुंद होते, कधी पार बुजते. मग तिला धमनी जोडली तरी ती फुगायचं नाव घेत नाही. माझ्या मधुमेहाची सगळी वर्षं, एक टायफॉइड, दोन बाळंतपणं, शाळेत चक्कर येऊन पडल्याचा तो दिवस, सगळं त्या एका शिरेवर लिहिलेलं निघालं.

दुसरा फिस्टुला कोपराशी होईपर्यंत मानेत नळी होती. मानेच्या उजव्या बाजूने आत जाणारी, टोक हृदयाच्या तोंडाशी, बाहेर दोन फाटे, एक लाल टोपणाचा, एक निळ्या. तिच्यावर पाणी पडू द्यायचं नाही, म्हणून डोक्यावरून अंघोळ बंद. पावसाळा होता. चिकटपट्टीखाली घाम धरायचा, खाजायचं, आणि खाजवायला बंदी. मी पदर मानेभोवती गुंडाळून बसायचे. येणारी बाई आधी पदराकडे पाहायची आणि मग चेहऱ्याकडे. एकदा डायलिसिस सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता, आणि मला अशी हुडहुडी भरली की दातावर दात आपटायला लागले. खाट हलत होती. सिस्टरने अंगावर ब्लँकेटं टाकली, बाकीच्या रुग्णांनी आपापली दिली. नळीत जंतू घर करून होते आणि यंत्र सुरू होताच ते रक्तात उतरले होते. घरी आम्ही ताप म्हटलं की मलेरिया धरून चालतो. नळीवाल्या माणसाला यंत्रावर थंडी वाजली तर आधी नळीवर संशय घ्यायचा असतो. ती नळी काढली, दुसरी घातली, आणि अँटिबायोटिकच्या बाटल्या चढत राहिल्या. शेजारच्या खाटेवरच्या भाजीवालीची गत वेगळीच. तिच्या गळ्याच्या हाडाखालून कधीकाळी घातलेल्या नळीने छातीतली मोठी शीर आतून आवळून टाकली होती. आता त्या बाजूचा अख्खा हात सुजून जड झालेला. नळी निघून गेली तरी तिचा त्रास मागे राहिलेला.

चार तास खाटेवर पडल्या पडल्या एक हात मोकळा असतो. मी वाचते. त्यात मला सगळ्यात जास्त काय लागलं असेल तर या यंत्राची जन्मकथा. १९४३ साल, हॉलंड जर्मनांच्या ताब्यात, कांपेन नावाच्या गावातलं लहानसं इस्पितळ. विलेम कोल्फ नावाच्या तरुण डॉक्टरने लाकडी पट्ट्यांचा पिंप बनवला, त्याला सॉसेज भरायच्या सेलोफेनची नळी गुंडाळली आणि रक्त त्यातून फिरवलं. सुरुवातीच्या रुग्णांत एक २९ वर्षांची मोलकरीण होती. दर वेळी तिची एक रक्तवाहिनी उघडावी लागे आणि ती पुन्हा वापरता येत नसे. बारा वेळा तिचं रक्त धुतलं. मग उघडायला वाहिनीच उरली नाही, आणि ती गेली. यंत्र धडधाकट होतं. एवढं वाचून मी पुस्तक छातीवर ठेवलं आणि बराच वेळ माझ्या हातातल्या दोन सुयांकडे पाहत राहिले.

पुढची सोय व्हायला १९६० उजाडलं. सिएटलच्या बेल्डिंग स्क्रिबनर यांनी धमनी आणि शीर यांच्यामध्ये टेफ्लॉनची नळी बसवली, हाताच्या बाहेर, कायमची. त्यांचा पहिला रुग्ण क्लाइड शील्ड्स त्यावर ११ वर्षं जगला. किडनी गेली म्हणजे माणूस गेला, हा तोवरचा निकाल त्या नळीने फिरवला. पण बाहेरची नळी ती. गोठायची, पिकायची, निखळली तर रक्ताचा सडा. १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या माजी सैनिकांच्या इस्पितळात ब्रेशिया, चिमिनो आणि सर्जन ॲपेल यांनी नळीच काढून टाकली आणि माणसाची शीर त्याच्याच धमनीला शिवली. पुढच्या वर्षी त्यांचा लेख छापून आला. यातले चिमिनो विद्यार्थिदशेत रक्त काढायचं काम करायचे. मला हे फार पटतं. शिरेची किंमत, जो रोज शिरा शोधतो त्यालाच कळणार. सेंटरमधला आमचा टेक्निशियन पोरगेलासा आहे, पण हातावर नुसतं बोट फिरवून सांगतो, "बाई, आज वरच्या बाजूला घेऊ, इथे थकलीये."

आपल्याकडे हा आजार घराघरांत कळला तो जयप्रकाश नारायणांमुळे. आणीबाणीच्या तुरुंगवासात त्यांच्या किडन्या गेल्या. नोव्हेंबर १९७५ मध्ये सुटका झाली आणि त्यांना मुंबईच्या जसलोकमध्ये आणलं. तिथून ८ ऑक्टोबर १९७९ ला पाटण्यात शेवटचा श्वास घेईपर्यंत ते डायलिसिसवर होते. त्यांच्या यंत्रासाठी लोकांनी वर्गणी काढली होती. आमचे वडील जनता पक्षाच्या सभांचं वर्णन करायचे तेव्हा मला सभा दिसायच्या. आता मला व्यासपीठावरच्या त्या म्हाताऱ्याचा हात दिसतो. सरकार बदलण्याच्या गडबडीतही त्यांना दर दोन-तीन दिवसांनी कुठेतरी चार तास पाठ टेकून पडावं लागत होतं. ही शिस्त कोणत्याही पक्षाने घालून दिलेली नव्हती.

माझं सेंटर कल्याणला. आसनगाव, वासिंद, खडवली, टिटवाळा, आंबिवली, शहाड. या मार्गावरच्या गर्दीबद्दल आमच्या लोकांना सांगायला नको. कसाऱ्याकडून आलेली गाडी आसनगावला येते तीच भरून. मी हात छातीशी धरून चढते, उजवा हात डाव्यावर. बायका म्हणतात, "हात मोडलाय का गं?" मी हो म्हणते. सगळं समजावून सांगण्यापेक्षा मोडला म्हटलं की जागा लवकर मिळते. येताना जपावं लागतं ते जास्त. सुया काढलेल्या जागी पट्टी असते, रक्त पातळ राहण्याचं औषध अजून अंगात असतं, आणि कुणाच्या पिशवीचा कोपरा तेवढा पुरतो. एकदा टिटवाळ्याला हात ओला लागला. पाहते तो बाहीवर लाल डाग पसरत चाललेला. मी पट्टीवर अंगठा दाबला. समोरच्या कोळणीने एक शब्द न विचारता टोपलीवरून हात पुसला, माझा अंगठा बाजूला केला आणि आपलं बोट तिथे रोवलं. वासिंद जाईपर्यंत ते बोट हललं नाही. टॉवेलांचा बोळा गुंडाळून बसायचं नसतं. त्याने नुसतं रक्त टिपलं जातं. नेमक्या जागी बोटाने दाबायचं असतं. त्या बाईला हे कुणी शिकवलं होतं, देव जाणे.

वाटेत खडवलीला भातसा दिसते, शहाडजवळ उल्हास. नद्या पाहिल्या की तहान लागते. डायलिसिसवाल्याची तहान ही एक वेगळीच जात आहे. चार तासांत यंत्रात माझ्या रक्ताच्या शेजारून जवळजवळ १२० लिटर पाणी वाहून जातं, आरओतून गाळून घेतलेलं, आणि मला स्वतःला दिवसाला जेमतेम लिटरभर. कधी तेवढंही नाही. पण मी कुणाजवळ तक्रार करू? १८९२ मध्ये बांधून झालेलं तानसा आमच्याच तालुक्यात, भातसा आमच्याच तालुक्यात. मुंबई ते पाणी पिते, आणि मे महिन्यात धरणांच्या आसपासच्या पाड्यांवर बाया टँकरची वाट पाहत हंडे ओळीने मांडून ठेवतात. आमच्या बॅचला अशाच एका पाड्यावरची बाई येते. तिच्या डाव्या हातात फिस्टुला. सर्जनने सांगितलं, या हाताने वजन उचलायचं नाही. डोक्यावर हंडा असला तरी कमरेवरची कळशी डाव्याच हाताने धरायची असते. तिने मला सरळ विचारलं, "मंग पानी कोन आनंल?" आता तिची सातवीतली पोरगी शाळेत जाण्याआधी जास्तीच्या खेपा घालते. किडनीचं दुखणं एका माणसाच्या अंगात मावत नाही.

आणि बांगड्या. फिस्टुलाच्या हातात घट्ट काही घालायचं नाही. घड्याळ नाही, कडं नाही, बांगडी नाही. ऐकताना हे किती किरकोळ वाटतं! पण कासाराने उजव्या हातात चुडा भरला, डावा पुढे करा म्हणाला, आणि मी मान हलवली, तेव्हा त्याने हातातल्या हिरव्या बांगड्या तशाच धरून माझ्या कपाळाकडे पाहिलं. कुंकू होतं. त्याला काही समजेना. हळदीकुंकवाला गेले तर एखादी म्हातारी हात ओढून घेते, "सवाष्णीचा हात असा मोकळा?" म्हणते, आणि ओढताना तिचं बोट नेमकं थरथरीवर पडतं. मग ती दचकून हात सोडते. आमच्या घरातल्यांनी मात्र हा प्रश्न एका दिवसात निकालात काढला. सासूबाई म्हणाल्या, "त्या हातात तुझा जीव आहे, अजून काय घालायचंय?"

आमच्या बॅचमध्ये खर्डीकडचे एक ठाकर मामा आहेत. फिस्टुला झाल्यावर त्यांची बोटं गार पडायला लागली, नखं निळसर. धमनीतलं रक्त शिरेच्या वाटेने परत फिरायचं आणि बोटांपर्यंत पोचायचंच नाही. "माझा हात मेलेल्या मान्साचा झालाय," असं ते हसत सांगायचे आणि पटवायला माझ्या हातावर बोट टेकवायचे; खरंच बर्फ. दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करून तो ओघ कमी केला तेव्हा कुठे बोटं वाचली. त्यांच्या शेजारी झोपतो तो वीटभट्टीवरचा तरुण. त्याच्या दंडावर सुपारीएवढे दोन फुगवटे आहेत, वरची कातडी पातळ, चकचकीत. त्याचं कारण सोपं आहे. एकाच जागी टोचत राहिलं की ती जागा बधिर होते, दुखत नाही. म्हणून तो टेक्निशियनला म्हणायचा, इथेच टोच. टेक्निशियनलाही घाई असायची. शिरेची भिंत तिथे झिजत गेली. जागा बदलत जायचं, वरून खाली, खालून वर, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. पण सुई दुखते, आणि दुखणारी माणसं आधीच थकलेली असतात. एका रात्री त्याच्या फुगवट्यावरची खपली सुटली. आईने अंगठा दाबून धरला, बापाने १०८ ला फोन लावला. म्हणून तो आज माझ्याशी बोलतो आहे.

माझी थरथर एकदा थांबली होती. आदल्या दिवशी यंत्राने पाणी जरा जास्त काढलं, बीपी खाली गेलं, डोळ्यांपुढे अंधारी आली. त्यात घरी पोट बिघडलेलं. सकाळी बोटं कोपराशी गेली, आणि काही नाही. शीर हाताला लागत होती, पण आत हालचाल नाही. मी हात कानाशी नेला. लोकलचा भोंगा ऐकू आला, शेजारच्यांचा कोंबडा ऐकू आला. यांना हाक मारायला तोंडातून शब्द फुटेना. पुढे काय काय झालं ते लवकर सांगून टाकते. अशा वेळी दुसरा दिवस उजाडू द्यायचा नसतो, गोठलेलं रक्त जितकं ताजं तितकी ते काढायची आशा जास्त. पहिल्या इस्पितळात म्हणाले, सोमवारी या. त्या दिवशी शनिवार होता. आम्ही थांबलो नाही, मुंबई गाठली. तिथे तारेच्या टोकाला बारीक फुगा लावून अरुंद झालेली जागा आतून रुंदावली, गाठ काढली. टेबलावर असतानाच डॉक्टरांनी माझी उजव्या हाताची बोटं धरून कोपरावर टेकवली. थरथर होती. मी रडले की नाही ते आठवत नाही. यांना विचारलं तर विषय बदलतात.

आता थोडं रोखठोक. आपल्या राज्यात गरिबाला डायलिसिस मिळावा म्हणून बरंच झालं आहे. २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावाने सुरू झालेली आणि आता महात्मा फुल्यांच्या नावाने चालणारी योजना आहे, २०१६ पासून केंद्राचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आहे, जिल्ह्याजिल्ह्यांत यंत्रं आली. नव्या यंत्राला हार घालून फीत कापलेले फोटो मी पाहते आणि मला आनंदच होतो. पण फीत शिरेची कुणी कापत नाही. शिरा जपायचं काम डायलिसिसच्या कितीतरी आधी सुरू होतं, आणि ते गावातल्या दवाखान्यात असतं, जिथे किडनीचं नावही निघालेलं नसतं. रक्तातलं क्रिएटिनिन वाढायला लागलं, म्हणजे किडन्या थकायला लागल्या, की डॉक्टर मीठ कमी करा म्हणतात, डाळ कमी करा म्हणतात. हात जपा असं म्हणणारा डॉक्टर माझ्या पाहण्यात फार विरळा. यंत्र लागेपर्यंत थांबायचं, मग रात्री-अपरात्री मानेत नळी घालायची आणि त्यानंतर फिस्टुलाचा विचार करायचा, हा क्रम उलटा आहे. यंत्राच्या काही महिने आधी फिस्टुला झाला तर मानेतली नळी, ती थंडी, तो ताप, सुजलेला हात, यातलं बरंचसं टळतं. यात अवघड विज्ञान काही नाही, आणि खर्चही नळीच्या खर्चापुढे जास्त नाही.

तेव्हा तुमच्या घरात कुणाला जुना मधुमेह असेल, बीपी असेल, पायावर सूज येत असेल, तर रक्त-लघवीच्या तपासणीत क्रिएटिनिन पाहून घ्या. ते वाढलेलं निघालं तर ज्या हाताने लिहीत नाही तो हात आजपासून राखून ठेवा. त्यात सलाईन नको, इंजेक्शन नको, तपासणीचं रक्तही नको. सुई लावायचीच वेळ आली तर पंजाच्या पाठीवर लावा, मनगट आणि कोपर सोडा, असं कंपाउंडरला तोंडावर सांगा. तो चिडला तर चिडू द्या.